मेंदूचं ऑपरेशन, ट्रायल आणि सही: आयसीयूबाहेर विचारले जाणारे प्रश्न

मी न्यूरोसर्जरीत रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, डॉक्टर नाही. म्हणजे ट्रायलचे फॉर्म समजावून सांगणं, फॉलोअपचे फोन लावणं, कागद सांभाळणं हे माझं काम. आयसीयूबाहेर बसलेली माणसं तेच तेच विचारतात आणि बरोबरच विचारतात, फक्त तिथे उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही म्हणून इथे लिहून ठेवतेय. तुमच्या पेशंटचा निर्णय मात्र त्याचे स्कॅन बघितलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

ट्रायल म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार का?

प्रयोग म्हटलं की लोकांना उंदीर-ससे आठवतात. न्यूरोसर्जरीतल्या बऱ्याच ट्रायलमध्ये नवीन असं काहीच नसतं. दोन्ही उपचार आधीपासून चालू असतात, एका हॉस्पिटलात सर्जन हे करतात, दुसऱ्यात ते करतात, आणि कुणाचं बरोबर हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. मग कॉम्प्युटर चिठ्ठी टाकतो, अर्ध्यांना हे, अर्ध्यांना ते, आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बघायचं की कोण कसं आहे. डॉक्टरांनीच का नाही निवडायचं? कारण माणूस आहे, नकळत बऱ्या अवस्थेतल्या पेशंटना आपला आवडता उपचार दिला जातो आणि मग तो उपचार उगाच भारी दिसतो.

नवीन औषधाची ट्रायल असेल तर गोष्ट वेगळी, तिला सरकारी परवानगी वेगळी लागते आणि तिथे तुम्ही जास्त प्रश्न विचारा, खुशाल विचारा.

पण एवढ्या मोठ्या डॉक्टरांना काय चांगलं ते माहीत नसतं?

स्टिरॉइडचं उदाहरण देते, कारण ते कळलं की बाकी सगळं कळतं. डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते, स्टिरॉइडने सूज उतरते, म्हणजे हेड इंज्युरीला स्टिरॉइड द्यायचं. कुणालाही पटेल असं आहे, आणि तीसेक वर्षं जगभर बऱ्याच ठिकाणी देतही होते. मग लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या लोकांनी क्रॅश नावाची ट्रायल काढली, २०,००० पेशंट घ्यायचे ठरले होते, ती २००४ मध्ये १०,००८ वर थांबवावी लागली. स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के लोक दोन आठवड्यांत गेले, आणि ज्यांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं होतं त्यांच्यात १७.९ टक्के. शंभरामागे तीन माणसं जास्त.

आता विचार करा, एका वॉर्डात, एका सर्जनला शंभरामागे तिघांचा फरक जन्मभर दिसला नसता. सगळेच पेशंट सिरियस, काही वाचतात काही जातात, औषधामुळे गेला असं कुणाच्या डोक्यात येणार? म्हणून हजारोंच्या ट्रायल लागतात. अशीच निराशा शरीर थंड ठेवण्याच्या उपचाराची झाली (युरोथर्म, २०१५) आणि प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनच्या इंजेक्शनची पण झाली (२०१४ मध्ये दोन मोठ्या ट्रायल, दोन्हीत फायदा शून्य). प्राण्यांमध्ये सगळं छान चाललं होतं.

मग आमच्या बाबांना ट्यूमरसाठी डेक्सामेथासोन का चालू आहे?

डेक्सामेथासोन हेही स्टिरॉइडच, पण ती सूज वेगळी. ट्यूमरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून पाणी झिरपतं, आणि ते डेक्साने खरंच आवरतं, एक-दोन दिवसांत माणूस पुन्हा नीट बोलायला लागतो. शुगर तपासत राहा, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने एकदम बंद करू नका, ती हळूहळूच उतरवायची असते.

जीसीएस ३ म्हणजे शून्याच्या वर आहे ना, म्हणजे थोडी तरी शुद्ध आहे?

नाही हो. हे फार लोकांचं चुकतं, आणि आम्ही सांगायला विसरतो. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंट किती शुद्धीत आहे त्याचे मार्क. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये ही मोजणी काढली, आता तिच्यात डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हातपाय हलवण्याचे ६, एकूण १५. पण प्रत्येकात कमीत कमी १ मिळतोच, म्हणून ३ हा तळ आहे. घशात नळी असेल तर बोलण्याचा मार्क देताच येत नाही, तेव्हा एकच आकडा धरून बसू नका, हातपायाची हालचाल कालच्यापेक्षा सुधारली का एवढं विचारा.

डोकेदुखीसाठी एमआरआय काढला तर ४ मिलिमीटरचा फुगा निघाला. आता कधीही फुटणार का?

हा फोन सगळ्यात घाबरलेला असतो. आधी एक आकडा: मोठ्या माणसांत साधारण शंभरात तिघांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला असा न फुटलेला फुगा, म्हणजे अॅन्युरिझम असतो आणि बहुतेकांना जन्मात पत्ता लागत नाही. आता गावोगावी एमआरआय झाल्याने ते सापडायला लागलेत.

जपानमध्ये यूकास नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला. ५,७२० पेशंट, त्यांचे ६,६९७ फुगे, आणि वर्षाला सरासरी ०.९५ टक्के फुटले. ही लहानमोठ्या सगळ्यांची मिळून सरासरी, ३-४ मिलिमीटरवाल्यांना धोका कमी, ७ च्या पुढे वाढत जातो, १० च्या पुढे बराच. जागेवरही असतं, मेंदूतल्या पुढच्या आणि मागच्या जोडधमन्यांवरचे फुगे जास्त फुटतात, आणि फुग्यालाच एखादा छोटा कोंब आलेला असेल तर डॉक्टर थोडे जास्त गंभीर होतात.

पण जपानचा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका, जपानी आणि फिनलंडच्या लोकांत फुगे फुटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलंय. डॉक्टर वापरतात तो फेजेस स्कोअर (२०१४) वय, बीपी, आकार, जागा वगैरे बघून पाच वर्षांचा धोका सांगतो. तो स्कोअर उत्तर अमेरिका, युरोप आणि जपानच्या पेशंटवरून बनवलाय, भारतातला एकही गट त्यात नाही. मला हे खटकतं. आपल्याकडे एवढे पेशंट, आणि धोका मोजायचा तर दुसऱ्यांच्या फूटपट्टीने.

लहान फुग्याचं ऑपरेशन करण्यातही धोका असतोच, म्हणून बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवायला सांगतात आणि लोकांना वाटतं की डॉक्टर टाळतायत. टाळत नाहीत. बीपी आटोक्यात ठेवा, सिगरेट-बिडी बंद म्हणजे बंद, सांगितलेल्या तारखेला स्कॅन करा. घरातल्या दोन सख्ख्या माणसांना असा फुगा फुटलेला असेल तर बाकीच्यांनी पण एकदा तपासणीबद्दल विचारावं.

आणि एक, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकदम, सेकंदात शिगेला गेली तर पित्त झालं म्हणून झोपून राहू नका. कॅनडातल्या २०११ च्या अभ्यासात सहा तासांच्या आत काढलेल्या सीटीने असे सगळे रक्तस्राव पकडले, उशीर होईल तसे सुटायला लागतात.

फुगा फुटलाय. क्लिप की कॉइल? कॉइल म्हणजे बिनटाक्याचं म्हणून चांगलं ना?

क्लिप म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा, वॉल्टर डँडीने १९३७ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा केलं. कॉइल म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून फुग्यात प्लॅटिनमची तार गुंडाळून भरायची, हे १९९० च्या आसपास गुग्लिएल्मी यांनी आणलं. दोन्हीचे कट्टर समर्थक होते, भांडणं होती, मग ब्रिटनमधून आयसॅट ट्रायल झाली. २,१४३ पेशंट, २००२ मध्ये निकाल: वर्षाने मृत्यू किंवा परावलंबी राहणं कॉइलवाल्यांत २३.७ टक्के, क्लिपवाल्यांत ३०.६ टक्के. ट्रायल मध्येच थांबवली आणि जगभर कॉइलचं वारं सुटलं.

पण त्या ट्रायलसाठी ९,५५९ पेशंट तपासले होते. आत घेतले ते दोन्ही उपचार सारखेच चालतील असं वाटलेलेच, आणि त्यातले बहुतेक बऱ्या अवस्थेतले, लहान फुगा असलेले. तुमच्या पेशंटचा फुगा रुंद मानेचा असेल, किंवा बाजूच्या मोठ्या धमनीच्या फाट्यावर असेल, किंवा सोबत रक्ताची मोठी गुठळी असेल तर सर्जन क्लिपच म्हणू शकतात आणि ते जुनाट विचारांचे आहेत असा अर्थ होत नाही. कॉइलमध्ये नंतर पुन्हा भरण्याची वेळ थोडी जास्त येते, म्हणून फॉलोअपची अँजिओ चुकवायची नाही. फोन केला की "आता बरं आहे मॅडम, कशाला" म्हणतात. बरं आहे म्हणूनच या.

कॉइलचा खर्च मोठा असतो, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

दर ४ तासांनी रात्रीपण उठवून गोळी कशाला देतात?

निमोडिपिन. फुगा फुटल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नंतर मेंदूला इजा होते. १९८९ च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये, ५५४ पेशंट, या गोळीने मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं. त्यानंतर कितीतरी भारी औषधं आली आणि ट्रायलमध्ये पडली, ही जुनी गोळी अजून टिकून आहे. २१ दिवस, मधला डोस चुकवायचा नाही.

कवटीचं हाड काढणार म्हणतात. त्याने जीव वाचेल ना?

हे उत्तर थोडं कठीण आहे, पण खरं सांगते. मेंदू सुजला आणि कवटीत जागा नाही, तर हाड काढून जागा करायची, हाड पोटाच्या कातडीखाली किंवा फ्रीझरमध्ये ठेवतात, काही महिन्यांनी परत बसवतात.

ऑस्ट्रेलियाच्या डेक्रा ट्रायलमध्ये (२०११, १५५ पेशंट) डोक्यातलं प्रेशर थोडं वाढल्यावर लवकरच हाड काढलं. प्रेशर उतरलं, आयसीयूतले दिवस कमी झाले, पण सहा महिन्यांनी वाईट अवस्थेत ७० टक्के होते, ऑपरेशन न केलेल्यांत ५१ टक्के. मग केंब्रिजहून रेस्क्यू-आयसीपी झाली (२०१६, ४०८ पेशंट), त्यात सगळे उपाय संपल्यावर, शेवटचा पर्याय म्हणून हाड काढलं. सहा महिन्यांत मृत्यू २६.९ टक्के, औषधांवर ठेवलेल्यांत ४८.९. केवढा फरक! पण कोमासारख्या अवस्थेत राहिलेले ८.५ टक्के विरुद्ध २.१, आणि अगदी छान बरे झालेले दोन्हीकडे मोजकेच, ४ आणि ६.९ टक्के.

म्हणजे जीव वाचण्याची शक्यता खरंच वाढते, पण वाचलेल्यांतले बरेच जण दुसऱ्यावर अवलंबून राहतात. कुणी घरीच स्वतःचं आवरतील एवढे, कुणी पूर्ण अंथरुणाला. म्हणून सर्जनना "वाचेल का" च्या पुढचा प्रश्न विचारा, वाचला तर कसा राहील, तुमचा अंदाज काय. वय, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला आकसतायत का, आणि मार लागून किती वेळ गेला यावरून त्यांना अंदाज असतो, विचारलं नाही तर बरेच जण आपणहून सांगत नाहीत. घरच्यांनी काय ठरवावं हे सांगणारी मी कोण, पण अर्धी माहिती ऐकून ठरवू नका.

इथे डोक्यातलं प्रेशर मोजायचं मशीन नाही. मोठ्या शहरात हलवू का?

बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ पेशंटवर नेमकी हीच ट्रायल झालीय, २०१२ मध्ये निकाल आला. अर्ध्यांना डोक्यात प्रेशर मोजायची तार, अर्ध्यांना नुसती वारंवार तपासणी आणि सीटी. दोन्ही गट सारखेच. पण नीट वाचा, त्या हॉस्पिटलांत आयसीयू आणि सीटी होते आणि तपासणी ठरलेल्या पद्धतीने होत होती. आपल्याकडे प्रश्न येतो तो रात्री सीटी होतो का, न्यूरोसर्जन आहे का, व्हेंटिलेटर रिकामा आहे का हा. ते नसेल तर हलवायलाच हवं, नुसत्या तारेसाठी नको. हलवायचं तर १०८ ला फोन करा, खाजगी जीपमध्ये आडवं टाकून नेऊ नका.

रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं का असं विचारायला सांगितलंय कुणीतरी.

ट्रानेक्झॅमिक अॅसिड. स्वस्त आहे, जपानमधल्या ओकामोतो दांपत्याने १९६० च्या दशकात शोधलेलं. क्रॅश-३ ट्रायल (२०१९, १२,७३७ पेशंट, २९ देश) मध्ये तीन तासांच्या आत दिलेल्यांत डोक्याच्या इजेने मृत्यू १८.५ विरुद्ध १९.८ टक्के, फरक इतका थोडा की सगळे मिळून ठाम म्हणता येत नाही, पण हलक्या आणि मध्यम इजेच्या पेशंटमध्ये फायदा स्पष्ट होता. लवकर दिलं तरच. फुगा फुटलेल्या पेशंटला हेच इंजेक्शन लवकर देऊन बघितलं हॉलंडमध्ये (२०२१), तिथे फायदा झाला नाही. औषध तेच, रक्तस्राव वेगळा.

आजी महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरली, तेव्हा काहीच नव्हतं, आता चालताना झोकांड्या जातायत.

सीटी करा, आजच. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदूच्या मधली बारीक शीर तुटते आणि रक्त हळूहळू साठत जातं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अजूनच. कवटीला छोटं भोक पाडून ते काढतात आणि ही न्यूरोसर्जरीतली बऱ्यापैकी समाधान देणारी सर्जरी आहे, माणूस चालत घरी जातो.

इथे एका साध्या रबरी नळीने कमाल केली. केंब्रिजमध्ये २१५ पेशंटवर बघितलं (२००९), ऑपरेशननंतर दोन दिवस ही नळी (ड्रेन) आत ठेवली तर रक्त पुन्हा साठून परत ऑपरेशन लागण्याचं प्रमाण ९.३ टक्के, न ठेवल्यास २४. इथेही स्टिरॉइड देऊन बघितलंच, २०२० मध्ये निकाल आला, परत ऑपरेशनची वेळ कमी आली पण सहा महिन्यांनी चांगल्या अवस्थेतले लोक ८३.९ टक्के, स्टिरॉइडशिवाय ९०.३. हल्ली मेंदूच्या आवरणाची धमनी नळीतून बंद करण्याच्या ट्रायल आल्यात (२०२४), पुन्हा साठणं त्याने कमी होतंय असं दिसतंय.

हेल्मेटने खरंच फरक पडतो की नुसता दंड वसूल करायला?

डोक्याची इजा सुमारे ६९ टक्के कमी, मृत्यू ४२ टक्के कमी. पट्टा लावलेला असेल तर. पुढचा प्रश्न.

रिपोर्टमध्ये ग्लायोब्लास्टोमा आलंय. नेटवर पंधरा महिने लिहिलंय. म्हणजे पंधरा महिनेच का?

ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मेंदूच्या कॅन्सरचा झपाट्याने वाढणारा प्रकार. तो आकडा २००५ च्या ट्रायलचा, ५७३ पेशंट. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांचा मध्य १२.१ महिने, सोबत टेमोझोलोमाइड गोळ्या घेतलेल्यांचा १४.६. मध्य म्हणजे अर्धे लोक त्याच्या आधी गेले आणि अर्धे त्याच्या पुढे जगले, ही कुणाची एक्सपायरी डेट नाही. दोन वर्षांनी गोळ्यावाल्यांतले २६.५ टक्के हयात होते, नुसत्या रेडिएशनवाल्यांतले १०.४, आणि पाच वर्षांनी ९.८ विरुद्ध १.९. बरा होणारा आजार आहे असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणत असेल आणि त्यासाठी पैसे मागत असेल तर सांभाळा.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एमजीएमटी मिथायलेशन (गाठीतल्या एका जीनवरचा रासायनिक बदल) आहे का, कारण असेल तर गोळीचा उपयोग जास्त होतो. आणि आयडीएच म्युटेशन, म्हणजे गाठीच्या आयडीएच नावाच्या जीनमधला बदल, आहे का. २०२१ च्या जागतिक वर्गीकरणानंतर आयडीएच म्युटेशन असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत, ती वेगळी आणि हळू वाढणारी. जुना रिपोर्ट असेल तर हे नक्की तपासून घ्या. दुसऱ्या ग्रेडच्या आयडीएचवाल्या गाठींसाठी व्होरासिडेनिब नावाची गोळी आली, ३३१ पेशंटच्या ट्रायलमध्ये (२०२३) गाठ वाढेपर्यंतचा काळ ११.१ वरून २७.७ महिन्यांवर गेला. पोटातून घ्यायची गोळी, आणि या गाठींत कितीतरी वर्षांनी काही नवीन.

ऑपरेशनच्या आधी एक औषध प्यायला देतात, गाठ गुलाबी दिसते म्हणे?

फाइव्ह-एएलए. निळ्या उजेडात ट्यूमर गुलाबी चमकतो. जर्मनीतल्या ट्रायलमध्ये (२००६) स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघालेले ६५ टक्के, साध्या उजेडात ३६. गाठ बोलण्याच्या भागाजवळ असेल तर पेशंटला जागं ठेवून ऑपरेशन करतात, चित्रं दाखवून नावं विचारत राहतात, शब्द अडला की सर्जन थांबतो. पेशंट घरात जी भाषा बोलतो ती आधीच टीमला सांगा, फॉर्मवर इंग्रजीत सही केली म्हणजे त्याला इंग्रजीत टेस्ट करतील असं व्हायला नको.

मोबाइलमुळे झालं का?

जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात, ६३ अभ्यास एकत्र बघून, मोबाइल आणि मेंदूच्या गाठीचा संबंध दिसला नाही. मुलाला दोष देणं थांबवा, तो आधीच खचलाय.

पेशंट बेशुद्ध आहे, सही कोण करणार? नाही म्हटलं तर उपचार थांबतील?

कायद्याने जवळचा नातेवाईक सही करू शकतो, आणि पेशंट शुद्धीवर आला की त्याला परत विचारायचं असतं. फॉर्म मराठीत मागा, तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. नाही म्हटलं तर नेहमीचे उपचार चालूच राहतात, मधूनच बाहेर पडलात तरी. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे. आणि फॉर्मच्या शेवटी एथिक्स कमिटीचा नंबर असतो, त्या कमिटीत किमान सात लोक असतात, त्यात एक सामान्य नागरिक आणि एक कायद्याचा माणूस. काही चुकीचं वाटलं तर थेट तिथे फोन करा, आमच्या मार्गे यायची गरज नाही.

घाई करणारा कोऑर्डिनेटर भेटला तर सरळ म्हणा, दहा मिनिटं द्या, घरी फोन करतो.

आमच्या पेशंटसाठी कुठे ट्रायल चालू आहे का हे कसं शोधायचं?

सीटीआरआय ही सरकारी नोंदवही ऑनलाइन आहे, २००९ पासून भारतातल्या प्रत्येक ट्रायलची तिथे नोंद करावी लागते. आजाराचं नाव टाकून शोधा, हॉस्पिटल आणि डॉक्टरांचं नाव, पेशंट भरती चालू आहे की बंद, सगळं दिसतं. तिथे नोंद नसेल आणि कुणी ट्रायलच्या नावाखाली पैसे मागत असेल तर तिथून उठा.

ट्यूमरसाठी टाटाला किंवा कुठेही दुसरं मत घ्यायला जाताना बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीतून अर्ज करून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. स्कॅनची सीडी किंवा लिंक पण सोबत ठेवा. फिल्म खिडकीला धरून काढलेल्या व्हॉट्सअॅपच्या फोटोवरून कुणालाही काही सांगता येत नाही.